हिरव्या रंगाखालचा चौरंग

मंडळी, यंदा गणपतीच्या साफसफाईत माळ्यावरून आईचा चौरंग खाली आला. घरच्यांना आठवत असेल, तोच हिरवागार. तो हिरवा रंग ही माझी करणी! १९७४ साली ताईच्या लग्नाआधी मी हौसेने ऑइलपेंटचा डबा आणला आणि दोन हात मारले. "पायांना तरी लावू नकोस रे," आई म्हणाली, तोवर दोन पाय रंगवून झाले होते.

चौरंग सावंतवाडीचा, आईच्या लग्नातला. तिथल्या चितारी लोकांच्या कामात असले कातीव पाय ब्रशने रंगवत नाहीत. लाकूड लेथवर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने घासून तकाकी आणायची. म्हणजे पायांवरची ती लाल-पिवळी वळी पुन्हा हवी असतील, तर चौरंग खोलून पाय लेथवर चढवावे लागणार. आई काय सांगत होती ते मला आत्ता कळतंय.

गंमत अशी, की त्याच सुमारास, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले मोडकळीला आलेली हीच कला वाचवायच्या खटपटीत होते. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते रंगवणारे हात मोजकेच उरले होते. सत्त्वशीलादेवी स्वतः ते काम शिकल्या, दरबार हॉलमध्ये कलाकार बसवले, आणि पत्त्यांवरची चित्रं पुढे पाट-चौरंगांवरही आली. तिकडे हे, आणि इकडे बी.ए. झालेला मास्तर त्यावर ऑइलपेंट फासत होता!

पण दोष एकट्या माझा नाही, असं मनाचं समाधान करून घेतो. डब्यातला तयार रंग म्हणजे तेव्हा नवेपणाची खूण होती. मुंबईत १९४२ साली एशियन पेंट्स सुरू झाली, १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी ब्रशवाला खट्याळ गट्टू काढला. जुनं दिसलं की रंग मारायचा, हीच तेव्हाची रीत.

असो. नातू म्हणाला, "आजोबा, रिमूव्हर लावा, दहा मिनिटांत निघेल." नको म्हटलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा असल्या द्रवाने वरच्या हिरव्याबरोबर खालचंही गेलं असतं. बांबूची बोथट कामटी घेऊन बसलो. जुना ऑइलपेंट ठिसूळ होतो आणि गुळगुळीत लाखेला नीट धरत नाही, त्यामुळे टवके निघत गेले. तीन आठवडे लागले. फळीवरची वेल सापडली, निम्मीअर्धी. जिथे लाकूड उघडं पडलंय तिथेच रंग भरला, तोही लालमध्ये थोडी काव घालून, कारण ताजा लाल जुन्याशेजारी ओरडतो. वर चपडा लाखेच्या पॉलिशचा एकच पातळ हात, न घासता. मधोमध कलश ठेवून ठेवून झिजलेलं वर्तुळ आहे, ते भरलं नाही.

मोठ्या उत्साहाने ताईला दाखवलं. तिने चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि म्हणाली, "छान झालाय. पण माझ्या लग्नातला तो हिरवा चौरंग कुठाय?"

मी चौरंग उलटा केला. खालच्या बाजूचा हिरवा तसाच आहे.