दोन पराभवांचा हिशेब

खेळाचा इतिहास बहुधा गोल करणारांचा इतिहास असतो. ज्यानें गोल केला त्याचें नांव मिनिटासह कागदावर चढतें. ज्यानें गोल होऊं दिला नाहीं त्याच्या कामासाठीं रकानाच नसतो. फुलबॅकची आठवण निघते ती बहुतेक पराभवाच्या दिवशीं. हैदराबादचे फुलबॅक सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन यांची कारकीर्द या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. आणि परभणीकरांना ती परकी वाटूं नये.

परभणी जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. निजामी राजवटीची आमची आठवण जुलमाची व मुक्तिसंग्रामाची आहे, आणि ती रास्तच आहे. परंतु १७ सप्टेंबर १९४८ नंतरचीं जीं आठ वर्षें आम्ही त्याच राज्यांत, पण स्वतंत्र भारताचे नागरिक म्हणून काढलीं, त्यांचा इतिहास आम्ही जवळजवळ विसरलों आहों. नेमक्या याच काळांत हैदराबाद सिटी पोलीस संघानें १८९१ सालीं सुरू झालेला मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा पांच वर्षें लागोपाठ जिंकला. संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. अझीझुद्दीन याच संघाचे खेळाडू.

हेलसिंकी (१९५२) व मेलबर्न (१९५६) या दोन्ही ऑलिंपिक संघांत त्यांची निवड झाली. हेलसिंकीस १५ जुलै रोजीं युगोस्लाव्हियानें भारताचा दहा विरुद्ध एक असा पराभव केला. आपले बहुतेक गडी त्या थंडींत अनवाणी खेळले. त्या काळच्या आपल्या रचनेंत गोलकीपरपुढें दोनच फुलबॅक असत. प्रतिपक्षाची आघाडी लाटेसारखी येऊं लागली म्हणजे दोन माणसांनीं कोणाकोणाला अडवावें? दहा गोलांचा दोष त्यांच्या माथीं मारणें सोपें होतें; खरा दोष रचनेचा व तयारीचा होता. या पराभवानंतर बूट घालणें सक्तीचें झालें, यांतच त्याची कबुली आहे.

चार वर्षांनीं रहीम यांच्याच हाताखालीं भारतीय संघ मेलबर्नला गेला. हंगेरीनें माघार घेतल्यामुळें पहिली फेरी न खेळतांच सुटली. १ डिसेंबर रोजीं मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनीं तीन गोल केले व ऑस्ट्रेलियाचा चार विरुद्ध दोन असा पराभव झाला. उपांत्य फेरी गांठणारा हा पहिला आशियाई संघ. ४ डिसेंबरला समोर पुन्हां युगोस्लाव्हियाच! दोन्ही वेळां अंतिम सामन्यापर्यंत गेलेलें हें राष्ट्र. या खेपेस पहिला गोल डिसूझा यांचा, म्हणजे आपला झाला. ती आघाडी अवघीं दोन मिनिटें टिकली आणि सामना चार विरुद्ध एक असा गेला. पुढें बल्गेरियाकडूनही हार झाली. संघ चौथा आला.

दोन्ही वेळां पराभवच. परंतु दहापासून चारापर्यंतचें जें अंतर तुटलें, तें संरक्षणाच्या कामाचें माप आहे, आणि तें गोलांच्या यादींत कधींच दिसावयाचें नाहीं. डिसूझांचे चार गोल ग्रंथांत कायम झाले, तें योग्यच. अझीझुद्दीन यांचें नांव मात्र आज जुन्या फुटबॉलच्या जाणकारांनाच ठाऊक असेल.

मेलबर्नच्या सामन्यांपूर्वी एकच महिना हैदराबाद राज्य इतिहासजमा झालें होतें. परभणी मुंबई राज्यांत गेली. अझीझुद्दीन आमच्या जुन्या राज्याचे, डिसूझा नव्या राज्याचे, आणि दोघांचा सदरा एकच. राज्यांच्या सीमा बदलतात. त्यांबरोबर पूर्वीच्या शेजाऱ्यांचे श्रम हिशेबांतून काढून टाकण्याचें कारण नाहीं. मराठवाड्याच्या इतिहासांत निजामाच्या सत्तेला जागा आहे, तशी या फुलबॅकलाही असावी.