टक् वाजले म्हणजे जुळले?

उमापूरला मामूंच्या मळ्यात गेलो की पूर्वी नजर आधी विहिरीकडे जायची. आता ती सोलरच्या प्लेटांकडे जाते. आमच्या गेवराई तालुक्यात कापूस आहे, ऊस आहे, मोसंबी आहे; पण भिजवण म्हणजे रात्रीची लाइट आणि हातात बॅटरी. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’, आणि मामूंना दिवसाउजेडी दारे धरता येऊ लागले.

एका वळवात त्यांची एक प्लेट फुटली. नवी आणली, तर तिच्या वायरीचा कनेक्टर वेगळ्याच कंपनीचा. वायरमनने दोन्ही टोके एकमेकांत सारली. टक् वाजले. ‘‘बैठ गया ना बराबर? बस!’’ मामू म्हणाले. काही महिन्यांनी तोच जोड तपकिरी पडून वाकलेला दिसला. आग लागली नाही, हे नशीब.

या ‘टक्’चा इतिहास फार जुना नाही. सुरुवातीला पॅनलच्या मागच्या डबीत वायरी स्क्रूने आवळत. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलजवळच्या ‘मल्टी-कॉन्टॅक्ट’ कंपनीने एमसी३ हा खास सौर कनेक्टर आणला. पुढे खटका असलेला एमसी४ आला. एमसी हे कंपनीचे नाव, चार हा आतल्या पिनेचा मिलिमीटरमधला व्यास. २००२ मध्ये ही कंपनी ‘स्टॉबली’ समूहाने घेतली. जोड इतका सोयीचा होता, की जगभरच्या कारखान्यांनी तसाच आकार उचलला आणि वर लिहिले, ‘एमसी४ला चालणारा’. चालणारा, हे कोण म्हणतो? विकणारा!

खरी मेख इथेच आहे. घरातल्या तीन पिनांच्या प्लगचे माप भारतीय मानकाने, आयएस १२९३ने, ठरवून दिलेले आहे. सौर कनेक्टरसाठी २०१४ मध्ये आयईसी ६२८५२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. पण ते सुरक्षेची परीक्षा घेते, सर्वांसाठी एकच आकार बांधून देत नाही. त्यामुळे प्रत्येकाचा साचा किंचित निराळा, धातूवरचा मुलामा निराळा, पाणी अडवणारी रबरी कडी निराळी. बाहेरून खटका बसतो, आत पिनेची पकड सैल राहते. मग ऊन, थंडी, ओल यांनी जोड आकुंचतो-प्रसरतो, रोध वाढतो, जोड तापतो. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यात ही वीज एकदिश, म्हणजे डीसी. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीची ठिणगी पेटली की धगधगत राहते. दहा-बारा प्लेटा एकामागे एक जोडल्या की दाब शेकडो व्होल्टमध्ये जातो, आणि सूर्याला तर बटण नाही. चालू पंपाचा कनेक्टर ओढून काढू नये, तो याचसाठी.

जगाला हे उशिरा उमगले. २०१९ मध्ये आयईसीने कनेक्टरांच्या या न जुळण्यावरच स्वतंत्र तांत्रिक अहवाल काढला. अमेरिकेच्या २०२०च्या वीजसंहितेने लिहिले, की जोडाचे दोन्ही भाग एकाच बनावटीचे व प्रकाराचे असावेत. नसतील तर ती जोडी एकत्र तपासून प्रमाणित झालेली असावी. आपल्याकडे मात्र दुकानात विचारले तर उत्तर येते, ‘‘काका, सगळे सारखेच असतात.’’

मामूंच्या मळ्यात दुसरा, जाणता वायरमन आला. त्याने कंट्रोलर बंद केला, अंधार पडेपर्यंत थांबला, मगच दोन्ही बाजूंचे जुने कनेक्टर कापले. एकाच कंपनीची नर-मादी जोडी बसवली, तीही साध्या पक्कडीने चेपून नव्हे, क्रिंपिंगच्या हत्याराने. नंतर साऱ्या ओळीत फिरून तो प्रत्येक जोडावरचे नाव बॅटरीच्या उजेडात वाचत गेला. आणखी दोन ठिकाणी नावे जुळत नव्हती.