दिवा लावणारा हात

घरातला दिवा कोणी लावावा, कोणी मालवावा आणि त्याला लागणाऱ्या तेलाचा हिशेब कोणी ठेवावा, या तीन प्रश्नांना निरनिराळ्या काळांनी जी उत्तरे दिली त्यांत प्रकाशाचा खरा सामाजिक इतिहास सामावलेला आहे. आणि जिन्यात किंवा न्हाणीघरात बसवण्यासाठी हालचाल ओळखून आपोआप दिवा लावणारे बटण निवडू पाहणारा आजचा गृहस्थही, त्याला जाणीव असो वा नसो, त्याच तीन प्रश्नांचा निवाडा करीत असतो.

विजेपूर्वीच्या महाराष्ट्रात दिवा तेलावर जळे तितकाच माणसाच्या श्रमावर जळे. वाती वळणे, समईत तेल घालणे, देवळीत पणती ठेवणे आणि पुढे रॉकेलचे कंदील आल्यावर त्यांच्या काचा राखेने लख्ख पुसणे, ही कामे बहुधा घरातल्या स्त्रियांच्या व मुलांच्या वाट्याला येत. सरदार-दरकदारांच्या पदरी त्यासाठी मशालजी आणि दिवटे तैनात असत. आणि देवस्थानांचा नंदादीप अखंड तेवावा म्हणून जमिनी इनाम देऊन त्यांच्या सनदा करून देण्याचा शिरस्ता होता. अखंड प्रकाश हा देवाचा मान होता. सामान्य रयतेच्या घरी मात्र जेवणे उरकली की दिवा मालवण्याची काटकसर हीच रीत होती.

1865 साली मुंबईच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले, तेव्हा दिवे लावणारे नोकर एका खांबाकडून दुसऱ्याकडे जात असताना त्यांच्या मागोमाग कुतूहलाने लोकांचे घोळके चालत, असे त्या काळच्या वर्णनांत आढळते. विजेचे आगमन इतके सुरळीत झाले नाही. 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले खरे, पण पुरवठा करणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईला पुन्हा गॅसचा आश्रय करावा लागला. 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, 1915 मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत्केंद्र सुरू झाले, आणि त्यानंतरच वीज मुंबईच्या जीवनक्रमात खऱ्या अर्थाने स्थिरावू लागली. त्या विजेला घरात वश करणारे साधन म्हणजे भिंतीवरचे बटण. प्रवाह तोडताना ठिणगी पडून आतले धातू जळत. म्हणून न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स याने 1884 मध्ये संपर्क झटक्यासरशी तुटेल अशी रचना शोधून काढली. तेल, वात आणि काजळी यांचा व्याप संपून दिवा लावणे हे एका बोटाचे काम झाले.

ते बोटही अनावश्यक ठरवणाऱ्या यंत्राची वंशावळ मात्र बटणाहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी डच व्यापाऱ्यांनी सिंहलद्वीपातून युरोपात नेलेले टूर्मलीन नावाचे खडे तापवले असता राख स्वतःकडे ओढून घेतात, हे लोकांच्या ध्यानात आले. तापमान बदलले की अशा स्फटिकाच्या दोन टोकांवर विद्युद्भार प्रकट होतो, हे त्यामागचे कारण. 1800 मध्ये विल्यम हर्शेल याने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवून डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण सिद्ध केले. आजच्या बहुतेक घरगुती संवेदकांत या दोन शोधांचा संगम झालेला आहे. पांढऱ्या, पैलूदार झाकणामागे तापमानाचा बदल टिपणारे दोन इवले तुकडे एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असतात; खोली सावकाश तापली तर दोघांचे परिणाम परस्परांना छेदतात, पण माणूस समोरून आडवा गेला की त्याच्या अंगाची ऊब आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर पडते, आणि तो फरकच दिव्याला आज्ञा देतो. ते पैलूही ऐतिहासिक आहेत: दीपगृहाचा प्रकाश दूरवर फेकण्यासाठी फ्रेनेल याने एकोणिसाव्या शतकात जे भिंग योजले, त्याचेच तत्त्व येथे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यात उतरून ऊब गोळा करण्याच्या कामी लागले आहे.

निवडीचे सारे नियम या घडणीतूनच निघतात. आडव्या चालीची दखल हे यंत्र चटकन घेते, सरळ अंगावर येणाऱ्याची उशिरा; म्हणून ते वाटेच्या बाजूच्या भिंतीवर असावे. काचेपलीकडचा माणूस त्याला कळत नाही, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात भिंतीच अंगाइतक्या तापल्या की त्याची पारख मंदावते. सूक्ष्मलहरींवर चालणारा दुसरा प्रकार उन्हाळ्याला बधत नाही, परंतु त्याच्या लहरी पातळ दारापलीकडेही पोचत असल्याने बाहेरून जाणाऱ्या शेजाऱ्यासाठीही आपला दिवा लागतो. बटणाच्या पेटीत न्यूट्रलची तार आहे की नाही, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे. त्या तारेवाचून चालणारी बटणे दिव्यातूनच थोडा प्रवाह खेचतात आणि त्यामुळे एलईडी दिवा पुष्कळदा बंद असतानाही मिणमिणतो. दिवसाउजेडी दिवा लागू नये अशी आणि तो किती वेळ जळावा हे ठरवण्याची, अशा दोन्ही सोयी असलेलेच बटण घ्यावे.

जिना, बोळ, कोठीची खोली, शौचालयाची वाट अशा ठिकाणी, जिथे हात भरलेले असतात किंवा म्हाताऱ्या माणसाला अंधारात भिंत चाचपावी लागते, तिथे हे यंत्र अवश्य बसवावे. अभ्यासाच्या आणि पूजेच्या खोलीत मात्र माणूस निश्चल बसतो, आणि निश्चल माणसाला हे यंत्र अनुपस्थित समजते. तिथे साधे बटणच ठेवावे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातांनी काचा पुसल्या आणि वाती वळल्या त्यांचे कष्ट हलके करणे हेच प्रकाशाच्या प्रत्येक सुधारणेचे सार्थक आहे, आणि घरातल्या कोणाचे कष्ट हलके होणार आहेत हे पाहूनच वाचकांनी आपली निवड करावी.