मल्हाररावांची चौकशी आणि तीन हिंदी मते

१८७० च्या नोव्हेंबर महिन्यात बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड पुत्राविना वारले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव पादरा येथे नजरकैदेत होते. वडील भावाच्या जिवावर उठल्याचा आरोप त्यांच्यावर येऊन सात वर्षे झाली होती. कैदेतला माणूस एकाएकी गादीचा वारस ठरला. पण पुरता नव्हे. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पोटी मुलगा आला असता, तर मल्हाररावांना कारभारी म्हणून राहण्यापलीकडे काही उरले नसते. १८७१ च्या जुलैत जमनाबाईंना कन्या झाली आणि मल्हाररावांची गादी कायम झाली. विधवा राणी आपले मूल घेऊन पुण्यास निघून गेली. बडोद्यात आपला व मुलीचा जीव सुरक्षित नाही असे तिला वाटत होते.

कैदेतून गादीवर आलेल्या माणसाला दोन वाटा मोकळ्या असतात. जुने हिशेब मिटवून टाकणे ही एक, आणि ते वसूल करीत बसणे ही दुसरी. मल्हाररावांनी दुसरी वाट धरली. भावाच्या वेळचे कारभारी तुरुंगात गेले. जुन्या नोकरांची वतने व नेमणुका गेल्या. सावकारांच्या पेढ्यांवर हात पडला. रयतेवर साऱ्याचे ओझे वाढले. खंडेरावांनी चांदीच्या तोफा ओतविल्या होत्या, तर मल्हाररावांनी सोन्याच्या ओतविल्या. शेतसारा चुकविताना मेटाकुटीस आलेल्या कुणब्याला त्या तोफांचे कौतुक कितपत वाटले असेल, ते सांगावयास नको.

१८७३ साली कर्नल रॉबर्ट फेर रेसिडेंट म्हणून आला. हा गृहस्थ मोठा तडफदार, रयतेची गाऱ्हाणी आस्थेने ऐकणारा. पण त्याला सबुरी ठाऊक नव्हती. त्याच्या तक्रारींवरून सरकारने कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमले. त्याच्या अहवालानंतर १८७४ च्या जुलैत व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मल्हाररावांना पुढच्या वर्षाअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा महिन्यांची, मुदत दिली : कारभार सुधारा, नाहीतर गादी जाईल. सुधारणेसाठी मल्हाररावांनी दिवाण म्हणून नेमले ते दादाभाई नौरोजींना. यापरती चांगली निवड सापडणे कठीण होते. पण दादाभाई आणि फेर यांचे क्षणभरही पटले नाही. दरबारातल्या जुन्या मंडळींचीही दादाभाईंना मनापासून साथ नव्हती.

त्यातच महाराजांनी लक्ष्मीबाईंशी केलेला विवाह वादात सापडला. फेर त्या समारंभास गेला नाही. ऑक्टोबरात लक्ष्मीबाईंना मुलगा झाला, तेव्हा तो औरस मानावयाचा की नाही हा नवा तंटा उभा राहिला. २ नोव्हेंबर रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता लिहून फेरला परत बोलवावे अशी मागणी केली. ती पुढे मान्य झाली. फेर गेला आणि सर लुई पेली आले. मात्र त्याआधीच ९ नोव्हेंबरचा दिवस उजाडला होता.

त्या सकाळी फिरून आल्यावर फेरने नेहमीचा पपनसाच्या रसाचा पेला उचलला, दोनतीन घोट घेतले आणि चव विचित्र लागली म्हणून उरलेला रस बाहेर फेकून दिला. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ तपासला, तेव्हा त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे निष्पन्न झाले. संशय रेसिडेन्सीतल्या नोकरांवर गेला आणि तेथून राजवाड्याकडे वळला. १८७५ च्या जानेवारीच्या मध्यास मल्हाररावांना अटक झाली. त्याच महिन्यात दादाभाईंनी बडोदे सोडले.

एका राज्यकर्त्याची चौकशी कोणी करावी हा प्रश्न सोपा नव्हता. नॉर्थब्रुक यांनी सहा जणांचे मंडळ नेमले. तिघे इंग्रज : कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि मेल्व्हिल. तिघे हिंदी : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. आरोपीची बाजू मांडण्यास विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. २३ फेब्रुवारीस काम सुरू झाले. मुख्य पुरावा होता तो नोकरांच्या जबान्यांचा आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांच्या साक्षीचा. दामोदरपंत दीर्घ काळ पहाऱ्यात होते आणि माफीच्या आश्वासनानंतर बोलते झाले होते. बॅलंटाइन यांनी उलटतपासणीत नेमके याच दुबळ्या जागी बोट ठेवले.

निकाल आला तो तीन विरुद्ध तीन. तिन्ही इंग्रजांनी मल्हाररावांना दोषी ठरविले. तिन्ही हिंदी सभासदांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला नाही असे मत दिले. दिनकररावांनी रेसिडेन्सीतल्या नोकरांशी गुप्त व्यवहार झाल्याचे मान्य केले, पण त्याला फारसे महत्त्व दिले नाही.

हे मत देणारी माणसे कोण होती हे पाहिले पाहिजे. १८५७ च्या धामधुमीत दिनकरराव ग्वाल्हेरचे दिवाण होते आणि दरबार इंग्रजांच्या बाजूला राखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जयाजीराव तर १८५८ च्या जूनमध्ये आपली राजधानी सोडून आग्र्यास गेले होते. पुढे इंग्रजांनी ग्वाल्हेर घेतले ते त्यांच्यासाठीच; परंतु ग्वाल्हेरचा किल्ला मात्र स्वतःच्या फौजेकडे ठेवला. १८७५ साली तो किल्ला अद्याप इंग्रजांकडेच होता, आणि तो परत मिळावा ही जयाजीरावांची मोठी आस होती. ज्याच्या हाती आपला किल्ला त्याच्याविरुद्ध मत देणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांना इंग्रजद्वेषी म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या मताचे वजन इतके पडले. अखेर किल्ला मिळाला तो १८८६ साली, बदल्यात झांशी देऊन. त्याच वर्षी जयाजीराव निवर्तले.

सरकार पेचात सापडले. दोषी म्हणून शिक्षा द्यावी, तर स्वतः नेमलेले मंडळ दुभंगलेले. सोडून द्यावे, तर रेसिडेंटची अब्रू जाते. शेवटी एप्रिलमध्ये जाहीरनामा निघाला. विषप्रयोगाचा मुद्दा बाजूस ठेवून उघड गैरवर्तन, राज्याची दुर्व्यवस्था आणि सुधारणेची अपात्रता या कारणांसाठी मल्हाररावांना पदच्युत केले गेले. सतरा महिन्यांची मुदत संपावयास अजून आठ महिने उरले होते, हे देशी वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटले नाही. चार वर्षे ज्यांनी मल्हाररावांच्या कारभाराला नावे ठेवली, त्यांतले अनेक जण आता त्यांची कैफियत मांडू लागले. मल्हारराव मद्रासेस गेले.

राज्य मात्र खालसा झाले नाही. १८५७ नंतर संस्थाने न घेण्याचे व दत्तक मान्य करण्याचे वचन दिलेले होते, ते येथे पाळले गेले. लक्ष्मीबाईंच्या मुलाचा हक्क मात्र मानला गेला नाही. दत्तक घेण्याचा अधिकार पुण्याहून परत आलेल्या जमनाबाईंना मिळाला. चार वर्षांपूर्वी कन्या झाली म्हणून जिचे सर्वस्व गेले, तिच्याच हाती आता गादीची निवड आली. (ती कन्या ताराबाई पुढे सावंतवाडीची राणी झाली.) नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी गायकवाडांची एक शाखा शेतीवर राहत होती. तेथील मुले बडोद्यास आणली गेली. कशासाठी आलात, असे विचारता एकाने राज्य करावयास आलो असे उत्तर दिले, अशी आख्यायिका सांगतात. कशी का असेना, निवड काशीरावांच्या गोपाळची झाली. वय बारा वर्षांचे, अक्षरओळख नाही. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला.

इंदूरहून आलेल्या सर टी. माधवराव यांनी राज्याची घडी बसविली आणि इलियट यांनी मुलास शिकविले. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. अमरेली भागात १८९३ साली आणि सर्व राज्यात १९०६ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. नांगर धरणाऱ्याच्या मुलाने अक्षरे गिरविलीच पाहिजेत असा त्याचा अर्थ होता.

अधिकारग्रहणाच्या पुढच्याच वर्षी, १८८२ साली, मल्हारराव मद्रासेत वारले.