आगाऊ दिलेला पैसा कुणाचा?

२०१८ ची दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या गावातल्या एका सराफी दुकानाचं शटर सोमवारी उघडलं नाही. सोमवारी बाजारपेठ बंदच असते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मंगळवारीही उघडलं नाही. बुधवारी सकाळी दुकानापुढे बायकांची गर्दी जमली. प्रत्येकीच्या हातात दुकानाचं ते गुलाबी कार्ड. त्या गर्दीत माझी आई पण होती.

आईची तिथे सोन्याची भिशी होती. महिन्याला दोन हजार. दहा हप्ते आपण भरायचे, अकरावा दुकानदार भरणार, वर घडणावळ माफ. नऊ हप्ते भरून झाले होते. म्हणजे अठरा हजार रुपये, नातीच्या कानातल्यासाठी जमवलेले. आई घरी आली आणि मला म्हणाली, "अरे, शेठ तुझ्या ओळखीचे ना? जरा फोन करून विचार की."

फोन बंद होता. पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मी आजवर कुठे लिहिली नाही. दसऱ्याला आमच्या पेपरात त्या दुकानाची पानभर जाहिरात होती. 'सुवर्ण संधी, आजच नाव नोंदवा.' ती जाहिरात मी आणली होती. तालुक्याच्या गावात बातमीदाराला जाहिरातीही आणाव्या लागतात, त्यावर कमिशन मिळतं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. मला ते कमिशन मिळालं. आईचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून जमेल तसं वाचत गेलो. आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण दिवाळी-लग्नसराईच्या आधी वाचून ठेवा.

आधी मूळ प्रश्न. भिशीचा हप्ता, सोफ्यासाठी दिलेला अ‍ॅडव्हान्स, वाढदिवसाला मिळालेलं गिफ्ट व्हाउचर. हा पैसा दुकानदाराकडे गेल्यावर कुणाचा असतो?

आपल्याला वाटतं, आपलाच. "शेठकडे ठेवलाय." कायद्याच्या नजरेत तसं नसतं. पैसा गल्ल्यात गेला की तो दुकानदाराचा झाला. आपल्याकडे उरतो तो फक्त त्याच्याकडून वस्तू किंवा पैसे मागण्याचा हक्क. म्हणजे आपण त्याला बिनव्याजी, बिनतारण उसने दिले. दुकान चालतंय तोवर फरक पडत नाही. दुकान बुडालं की रांग लागते, आणि त्या रांगेत आपण शेवटाकडे असतो. आमच्या गावातल्या दुकानातला माल बँकेकडे नजरगहाण होता. आठ दिवसांत शटरवर बँकेची नोटीस लागली. शोकेसमधलं सोनं बघून आपण विश्वास ठेवला होता, पण त्या सोन्यावर पहिला हक्क बँकेचा होता.

यावर काही उपाय आहे का? आहे, आणि तो पन्नास वर्षं जुना आहे.

१९७२ सालची इंग्लंडमधली गोष्ट. केफोर्ड नावाची कंपनी पोस्टाने माल विकायची. लोक ऑर्डरबरोबर पूर्ण किंमत किंवा अनामत पाठवायचे. कंपनीला माल पुरवणारा मोठा पुरवठादार अडचणीत आला आणि कंपनीचेही पाय डळमळले. मालकांनी हिशेबनिसांचा सल्ला घेतला. सल्ला साधा होता: ग्राहकांचे पैसे येतील ते वेगळ्या खात्यात टाका, आणि माल पोचवल्याशिवाय त्याला हात लावू नका. त्यांनी नवीन खातंही काढलं नाही, पडून असलेल्या एका जुन्या खात्यात हे पैसे भरायला सुरुवात केली. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनी बुडाली. देणेकरी आले. त्या वेगळ्या खात्यातले पैसे कुणाचे, हा वाद कोर्टात गेला. न्यायमूर्ती रॉबर्ट मेगॅरी यांनी निकाल दिला की ते पैसे कंपनीचे नाहीतच, कंपनी ते ग्राहकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळत होती. बाकी देणेकऱ्यांना त्यातलं काही मिळणार नाही. ग्राहकांचे पैसे वाचले.

उपाय म्हणजे एवढंच, एक वेगळं खातं. पण हे दुकानदाराच्या मर्जीवर सोडलं की काय होतं, ते तिथेच चौतीस वर्षांनी दिसलं.

फेअरपॅक नावाची कंपनी नाताळची भिशी चालवायची. वर्षभर थोडे थोडे पैसे भरायचे आणि डिसेंबरात खाण्यापिण्याची टोपली किंवा मोठ्या दुकानांची व्हाउचर्स घ्यायची. पैसे गोळा करायला गल्लोगल्ली ओळखीच्या बायकाच एजंट. आपल्याकडच्या भिशीसारखंच सगळं. भरणारे बहुतेक हातावर पोट असलेले. ऑक्टोबर २००६ मध्ये, नाताळ दोन महिन्यांवर असताना, कंपनी बुडाली. एक लाखाहून जास्त कुटुंबांचे मिळून चार कोटी पौंडांच्या आसपास अडकले. अगदी शेवटच्या दिवसांत संचालकांनी आलेले पैसे ग्राहकांसाठी बाजूला काढायचा प्रयत्न केला, पण वर्षभराचे पैसे तोवर धंद्यात आणि कर्जात गेले होते. कोर्टकचेऱ्या सहा वर्षं चालल्या. २०१२ मध्ये बँकेने वरून ८० लाख पौंड घातले, तेव्हा कुठे लोकांना भरलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास मिळण्याची सोय झाली. शेजारणीच्या विश्वासावर पैसे गोळा केलेल्या त्या एजंट बायकांना लोकांना तोंड दाखवणं अवघड झालं. हे वाचताना मला माझी जाहिरात आठवली.

त्यानंतर तिथल्या नाताळ-बचत कंपन्यांनी संघटना काढून पैसे ट्रस्टमध्ये वेगळे ठेवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये तिथल्या विधी आयोगाने याच विषयावर अहवाल दिला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. अशा बचत योजनांवर कायद्याचं नियंत्रण आणा. आणि ज्या ग्राहकांनी रोखीने मोठी रक्कम आगाऊ दिली, ज्यांना कार्डवरून पैसे परत घेण्याचा मार्ग नाही, त्यांना दिवाळखोरीच्या रांगेत थोडं पुढे घ्या.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये. कायदे आहेत, पण जवळजवळ प्रत्येक कायदा कुणी ना कुणी बुडाल्यावर आलाय.

नव्वदच्या दशकात सागवानाच्या आणि फायनान्सच्या कंपन्यांनी महाराष्ट्रात मध्यमवर्गाला धुऊन काढलं. त्यातून १९९९ चा राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा आला, ज्याला आपण एमपीआयडी म्हणतो. पैसे बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून, विशेष कोर्टामार्फत विकून, ठेवीदारांना वाटायची अशी तरतूद. आमच्या गावातला गुन्हाही याच कायद्याखाली नोंदवला गेला. पण हा कायदा दुकान बंद पडल्यावर जागा होतो. आधी पैसा कुठे ठेवायचा, हे तो सांगत नाही.

२०१४ मध्ये कंपन्यांच्या ठेवींचे नवे नियम आले. मालासाठी घेतलेला अ‍ॅडव्हान्स ३६५ दिवसांत हिशेबात वळता झाला नाही तर ती ठेव समजली जाईल, आणि ठेवींना कडक नियम. तुमच्या लक्षात आलं असेल, मोठ्या पेढ्यांच्या बारा आणि अठरा महिन्यांच्या योजना तेव्हाच गेल्या आणि सगळीकडे अकरा महिन्यांची भिशी आली. अकरा हा आकडा शुभ म्हणून आलेला नाही, तो ३६५ दिवसांच्या आत बसतो म्हणून आलाय. नियमाने मुदत कमी झाली एवढंच. त्या अकरा महिन्यांत पैसा कुठे राहील, हा प्रश्न जागेवरच राहिला. शिवाय हा नियम कंपन्यांसाठी. तालुक्यातला सराफ कंपनी कुठे असतो? एकट्याची नाहीतर भावाभावांची पेढी. ती बुडाली की दिवाळखोरीसाठी आपल्याकडे इंग्रजांच्या काळातला, १९२० चा नादारी कायदा.

२०१९ मध्ये अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. यात पेढी, व्यक्ती सगळे येतात. ठेवीदारांना बाकी देण्यांच्या आधी पैसे द्यावेत असंही त्यात आहे. पण दोन मेखा आहेत. मालासाठीचा खरा अ‍ॅडव्हान्स मुळात ठेव धरलेला नाही, तो परत देणं लागू झाल्यावर पंधरा दिवसांत दिला नाही तर मग ती ठेव. आणि तारण असलेल्या बँकांचे वसुलीचे कायदे याच्याही वर.

मग वेगळ्या खात्याची कल्पना आपल्याकडे पोचलीच नाही का? पोचली, तीही दोन ठिकाणी.

एक, घरं. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला सांगितलं की ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेव आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी काढ. पुढे २०१७ मध्ये नोएडाची जेपी इन्फ्राटेक दिवाळखोरीत गेली, वीस हजारांहून जास्त घरखरेदीदार अडकले, ते रस्त्यावर आणि सुप्रीम कोर्टात गेले. २०१८ मध्ये सरकारने दिवाळखोरी कायदा बदलून त्यांना बँकांसारखंच वित्तीय देणेकरी मानलं. म्हणजे त्यांना देणेकऱ्यांच्या समितीत बसायला जागा मिळाली.

दोन, मोबाइल वॉलेट. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वॉलेट कंपनीने लोकांचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवायचे, स्वतःच्या धंद्यात वापरायचे नाहीत. मात्र एखाद्या दुकानाचं व्हाउचर जे फक्त त्याच दुकानात चालतं, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगीही लागत नाही आणि हा एस्क्रोचा नियमही लागत नाही.

म्हणजे बघा. वॉलेटमधले माझे दोनशे रुपये वेगळ्या खात्यात सुरक्षित. बिल्डरला दिलेल्या लाखांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात. आणि आईचे अठरा हजार थेट गल्ल्यात. घरखरेदीदार शिकलेले होते, संघटित होते, वकील लावू शकत होते. भिशीवाल्या बायका बुधवारी शटरपुढे जमल्या आणि संध्याकाळी स्वयंपाकाला घरी गेल्या.

दुसरी बाजूही सांगतो. इथल्या एका जुन्या, सचोटीच्या सराफांशी बोललो. ते म्हणाले, "भाऊ, भिशीचा पैसा बाजूला ठेवला तर मला त्याचा काय उपयोग? तो फिरतो म्हणून तर मी एक हप्ता भरतो, घडणावळ सोडतो." खरं आहे. पण मग तो कर्जाचा व्यवहार झाला ना? आईला कुणी सांगितलं असतं की तुम्ही शेठला बिनतारण कर्ज देताय, तर तिने नऊ वेळा विचार केला असता. आणि सगळा पैसा नको अडकवायला. बिल्डरला ७० टक्क्यांत जमतं, तर सराफाला निम्म्यात का जमू नये?

म्हणून माझी मागणी साधी आहे. हप्त्याची योजना किंवा व्हाउचर विकणाऱ्याने ठरावीक रकमेच्या वर गेल्यावर ग्राहकांच्या पैशाचा ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि त्या बँकेचं नाव कार्डावर छापावं. आमदार-खासदार मत मागायला येतात तेव्हा हे विचारा. ग्राहक पंचायतींनी हे लावून धरावं.

तोवर आपण काय करायचं? हप्त्याची पावती घ्या, त्यावर पेढीचं पूर्ण नाव आणि जीएसटी नंबर बघा. मोठी रक्कम रोखीने देऊ नका. जमलं तर महिन्याला अर्धा-एक ग्रॅम विकत घेऊन घरी आणा, माफ झालेल्या घडणावळीपेक्षा हातातलं सोनं बरं. व्हाउचर मिळालं की कपाटात ठेवू नका, त्याच महिन्यात वापरा. दुकानात माल कमी दिसायला लागला, जुने नोकर सोडून गेले आणि योजना मात्र दुप्पट जोरात सुरू झाली, तर हप्ता थांबवा. आमच्या दुकानात हे तिन्ही दिसत होतं. मी ते बघितलं होतं आणि जाहिरातीचा मजकूर लिहून घेऊन आलो होतो.

नातीचे कानातले शेवटी मी केले. आईने गुलाबी कार्ड अजून देवघराच्या खणात ठेवलंय. गेल्या महिन्यात एक नवीन पेढीवाले जाहिरात घेऊन आले, अकरा महिन्यांची योजना. मी विचारलं, "पैसे कुठल्या खात्यात ठेवणार?" ते हसले, म्हणाले, "असं कोण विचारतं?"

आता तुम्ही विचारा.