खांबापासून उंबरठ्यापर्यंत : विजेच्या शब्दांची हद्द

बडोद्यातल्या आपल्या घरांत वीज गेली की अजूनही 'जीईबीला फोन लावा' असेच म्हणतात. गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्ड १९६० साली स्थापन झाले. २००५ मध्ये त्याचे विभाजन होऊन आपल्या भागातील वीजवाटप मध्य गुजरात वीज कंपनीकडे आले. जुने नाव मात्र जिभेवरून उतरले नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. पण सर्व्हिस लाइन, कटआउट, मेन, न्यूट्रल, अर्थिंग हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर मात्र बिघडते. वीजकंपनीची हद्द कोठे संपते आणि आपली कोठे सुरू होते, हे याच शब्दांनी ठरते.

यांतले काही शब्द विजेहून जुने आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील शहरांत पाणी आणि दिव्यांचा गॅस नळांतून येई. रस्त्याखालचा मोठा नळ तो 'मेन', त्यातून एका घरासाठी फुटलेली शाखा ती 'सर्व्हिस'. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा त्याच्यासमोर नमुना होता तो गॅस कंपन्यांचाच. नळाच्या जागी तार आली, शब्द तेच राहिले. मीटरही गॅसच्या घरातूनच विजेच्या घरात आला.

एडिसनच्या व्यवस्थेत ट्रान्सफॉर्मर नव्हता. सुमारे ११० व्होल्टचा एकदिश प्रवाह केंद्रातून सरळ घरात जाई, त्यामुळे मैलभरापलीकडे पुरवठा परवडत नसे. १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी व्यवहारात वापरता येईल असा ट्रान्सफॉर्मर तयार केला. पुढच्याच वर्षी विल्यम स्टॅन्लीने अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन गावात असेच ट्रान्सफॉर्मर बसवून दुकाने उजळली. दूरवर न्यायची वीज उच्च दाबाची आणि घरात घ्यायची कमी दाबाची, ही विभागणी तेव्हापासूनची. मराठीत ट्रान्सफॉर्मरला रोहित्र म्हणतात. बोलताना मात्र आपण सगळे 'डीपी'च म्हणतो.

आपल्याकडे या शब्दांना कायद्याचे बळ मिळाले ते १९१०च्या भारतीय वीज अधिनियमाने. सर्व्हिस लाइन जिला जोडली जाते तो मुख्य वाहिनीचा भाग म्हणजे वाटपाची मेन, आणि तेथून ग्राहकापर्यंत जाते ती सर्व्हिस लाइन, अशी व्याख्या त्यात केली होती. एकाच आवारातील अनेक ग्राहकांना एकाच ठिकाणाहून दिलेली लाइनही सर्व्हिस लाइनच. भावाभावांत वाटणी झालेल्या आपल्या जुन्या वाड्यांत जिन्याखाली चार-पाच मीटर एका रांगेत दिसतात, त्याची तरतूद अशी शंभर वर्षांहून जुनी आहे. २००३च्या नव्या कायद्यातही हे दोन्ही शब्द टिकले.

आता खांबापासून आत येऊ. रोहित्रात ११,००० व्होल्टचा दाब उतरवून ४३३ व्होल्ट केला जातो. त्यातून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. दोन फेजमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट, तर एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २४० व्होल्ट असतात. घरगुती पुरवठा या दुसऱ्या जोडीचा. खांबावरून सर्व्हिस लाइन घरात येते आणि कंपनीच्या कटआउटमधून व मीटरमधून पुढे आपल्या मेन स्विचला मिळते. ग्राहकाने बसवलेल्या स्विचगिअरचे आत येणारे टर्मिनल म्हणजे 'पुरवठा सुरू होण्याचा बिंदू', असे आजचे नियम सांगतात. त्याच्या अलीकडची तार कंपनीची, पलीकडची आपली. म्हणून कंपनीच्या सीलला वायरमनने हात लावायचा नाही, आणि भिंतीतली जळकी वायर बदलायला लाइनमन येणार नाही.

सर्वांत घातक गोंधळ न्यूट्रल आणि अर्थिंगचा. न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असली, तरी ती रोजचा प्रवाह परत नेणारी तार आहे. अर्थिंगच्या तारेतून एरवी प्रवाह वाहत नाही. इस्त्री, गिझर किंवा फ्रिजच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर तिला जमिनीत नेण्यासाठी ती असते. 'दोन्ही शेवटी जमिनीलाच तर जातात' म्हणून जुन्या घरांत एकीचे काम दुसरीकडून करून घेतलेले दिसते. अशा घरात न्यूट्रल तुटली की उपकरणाचे अंगच जिवंत होते. खांबाकडची न्यूट्रल तुटली, तर वेगवेगळ्या फेजवरील घरांचे दाब बिघडतात. कुठे दिवे मंद होतात, तर कुठे भगभगून उपकरणे जळतात. असे दिसताच मेन बंद करावा आणि मगच फोन लावावा. आपल्या हद्दीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला, तर गळती होताच पुरवठा तुटतो. मात्र तो अर्थिंगला पर्याय नव्हे.

सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात १८९३ची, तेल आणि गॅसच्या दिव्यांच्या काळातली. आज मांडवातली आरास विजेवर चालते, तेव्हा ही हद्द मांडवालाही हवी. रीतसर तात्पुरते कनेक्शन, स्वतंत्र मीटर, स्वतंत्र मेन आणि पक्के अर्थिंग असावे. खांबावर आकडा टाकला की चोरी तर होतेच, शिवाय कटआउट आणि मेन या दोन्ही राखणदारांना बगल दिली जाते. पावसात भिजलेल्या लोखंडी कमानीला टेकलेल्या मुलाच्या आणि मृत्यूच्या मध्ये मग काहीच उरत नाही.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांसाठी 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' हा बहुभाषी कोश करवून घेतला. तो १९३१ साली बडोद्यात प्रसिद्ध झाला. शब्द नेमका असला तर काम नेमके होते, ही त्यामागची दृष्टी. त्याच शहराचे आपण रहिवासी आहोत. यंदा मांडवाचा मेन स्विच कोठे आहे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला प्रतिष्ठापनेआधी दाखवून ठेवू या.