रेंगाळणारी हार्ड डिस्क

१९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने अनेक प्रोसेसर एकत्र जोडून ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. आकडेमोडीचा वेग असा वाढवता येतो. मग आपला घरचा संगणक का रेंगाळतो? पुष्कळदा गाडी हार्ड डिस्कपाशी अडते. आयबीएमच्या १९५६ सालच्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० लाख अक्षरे मावत. हवी ती जागा गाठायला सरासरी ०.६ सेकंद लागे. १ टेराबाइटच्या डिस्कची क्षमता त्याच्या सुमारे २ लाख पट, पण जागा गाठण्याचा वेग जेमतेम ६० पट! कारण चकतीवरचा हात प्रत्यक्ष हलावा लागतो. फाइलींचे तुकडे विखुरले, की त्याची धावपळ वाढते. बिघडू लागलेली डिस्कही तोच भाग पुन्हापुन्हा वाचत मंदावते. म्हणून आपण आधी माहितीची दुसरी प्रत काढू, मग दुरुस्ती.